हेपेटायटिस सी: खाटेवरचं वय बघायचं की जन्मसाल?

भरतीओहोटी

हेपेटायटिस सी (रक्तातून पसरून लिव्हरला सूज आणणारा विषाणू) ने लिव्हर खराब होऊन भरती होणाऱ्यांत पन्नाशी-साठीची माणसं जास्त दिसतात. त्यावरून 'हा उतारवयाचा आजार' असं बोललं जातं आणि तपासणीची शिबिरंही मग ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्येच लागतात. मला ही मांडणी पटत नाही, म्हणून धागा.

विषाणू शरीरात शिरला की १०० पैकी ५५ ते ८५ जणांत तो कायमचा मुक्काम ठोकतो. त्यातल्या १५ ते ३० टक्के लोकांना २० वर्षांच्या आत सिऱ्होसिस होतो, म्हणजे लिव्हर व्रण पडून कडक होतं. म्हणजे आज परळला किंवा शीवला वॉर्डात पोट फुगून पडलेल्या माणसाची लागण बहुधा १९९० च्या आगेमागची असते. भरतीचा आकडा ही तेव्हाच्या सुईची आणि तेव्हाच्या रक्ताच्या बाटलीची थकलेली उधारी आहे.

सालं मांडून बघा. सत्तरच्या दशकात याला नुसतं 'नॉन-ए नॉन-बी', म्हणजे ए ही नाही आणि बी ही नाही, असं म्हणत. विषाणू ओळखला गेला १९८९ मध्ये. अमेरिकेत रक्तदात्यांची चाचणी १९९० मध्ये आली, जास्त भरवशाची १९९२ मध्ये. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली आणि दात्याच्या रक्ताची सी साठीची सक्तीची चाचणी रुळायला २००१-०२ उजाडलं. त्यामुळे अमेरिकेत तपासणीसाठी ठरवलेलं '१९४५ ते १९६५ मध्ये जन्मलेले' हे कोष्टक इथे जसंच्या तसं चिकटवता येत नाही. १९९८ साली सिझेरियनच्या वेळी दोन बाटल्या रक्त चढलेली २४ वर्षांची बाई आज पन्नाशी ओलांडून गेली आहे, आणि त्या कोष्टकात ती कुठेच बसत नाही.

शंकासूर

वय वाढलं की डायबिटीस, बीपी, मोतीबिंदू सगळंच वाढतं. यात पिढी कुठून आली? म्हातारपण म्हणा की सरळ.

सरळरेघ

शंकासूर, प्रश्न रास्त आहे, पण तपासायची सोय आहे. पन्नाशीची माणसं तीन वेगवेगळ्या वर्षांत मोजा: १९९५, २०१० आणि २०२५. त्यांची जन्मसालं येतात १९४५, १९६० आणि १९७५. नुसत्या वयाचा खेळ असता तर तिन्ही वेळा पन्नाशीतला भरतीचा दर सारखाच आला असता. हेपेटायटिस सी मध्ये तसं होत नाही. अमेरिकेच्या आकड्यांत एक उंचवटा दिसतो आणि तो दर दहा वर्षांनी दहा वर्षं पुढच्या वयाकडे सरकतो, कारण त्यात माणसं तीच असतात. १९४५-६५ वाल्यांत लागण इतर प्रौढांच्या साधारण पाचपट होती, म्हणून तिथे २०१२ मध्ये त्या सगळ्यांची एकदा तपासणी करा असं सांगितलं गेलं.

विरारला चढलेली गर्दी अंधेरीलाही डब्यात असते आणि दादरलाही. फक्त दादरच्या फलाटावर उभं राहून मोजणाऱ्याला ती दादरची वाटते.

एक अडचण मात्र आहे. वर्ष वजा वय म्हणजे जन्मसाल. तिन्ही गोष्टी एका सूत्रात बांधलेल्या असल्यामुळे वयाचा, काळाचा आणि पिढीचा परिणाम नुसत्या रिग्रेशनने (आकड्यांवर सूत्र बसवून) सुटा होत नाही. बाहेरची काहीतरी माहिती लागतेच: चाचणी कधी आली, औषध कधी आलं, सुया कधी बदलल्या. सॉफ्टवेअर उत्तर देतं, पण ते आपण त्याला काय गृहीत धरायला लावलं यावर असतं.

भरतीओहोटी

सहमत. बाहेरची माहिती म्हणजे काय, ते इजिप्तवरून नीट कळतं. तिथे बिल्हार्झियाच्या जंतांवर १९५० च्या दशकापासून ऐंशीच्या सुरुवातीपर्यंत टार्टर एमेटिक या औषधाची इंजेक्शनं गावंच्या गावं रांगेत उभी करून दिली गेली, सुया नीट उकळल्याच जात नव्हत्या. मोहीम थांबली आणि त्यानंतर जन्मलेल्यांत लागण घसरली. आधीची पिढी मात्र खराब लिव्हर घेऊन दवाखान्यात येत राहिली, शेवटी २०१८-१९ मध्ये देशभर तपासणी करून औषध द्यावं लागलं. इटलीने मोफत तपासणीसाठी १९६९ ते १९८९ मध्ये जन्मलेले निवडले. म्हणजे प्रत्येक देशाचं जन्मसाल वेगळं, कारण प्रत्येकाची सुई वेगळी.

शंकासूर

बरं, पटलं. अमिताभ बच्चन यांनाही रक्तातूनच हे झालं होतं ना?

वॉर्डातली_खिडकी

नाही, त्यांचा हेपेटायटिस बी. १९८२ च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून आला असं त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय. ही गल्लत नेहमीची आहे. बी ला लस आहे, पण विषाणू सहसा पूर्ण जात नाही. सी ला लस नाही, पण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांत जातो.

नोंदवही

वर आकड्यांवर बोलणं झालं, पण आकडे जन्मतात कुठे ते बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ते जन्मतात डिस्चार्ज कार्डावर, आणि तिथे बराच गोंधळ आहे.

माणूस रक्ताची उलटी होऊन येतो. पहिल्या रकान्यात पडतं सिऱ्होसिस, आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला कोड के ७४.६, शेजारी अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांचा कोड. जुनाट हेपेटायटिस सी चा कोड बी १८.२. तो तिसऱ्या-चौथ्या ओळीत गेला तर गेला, नाहीतर केसपेपरवर 'अँटी-एचसीव्ही पॉझिटिव्ह' (सी ची अँटीबॉडी सापडली) एवढं लिहून राहतो आणि कोड पडतच नाही. दारू पिणारा असेल तर के ७०.३ (दारूचा सिऱ्होसिस) टाकून विषय संपतो, सी ची तपासणीही होत नाही. फक्त मुख्य निदान मोजलं तर जुन्या पिढीचा भार निम्माशिम्मा गायब झालाच म्हणून समजा.

मग कुणी म्हणतं, कुठल्याही ओळीत बी १८.२ असेल तर धरा. त्यात तरुणांचा आकडा फुगतो. नशेची सुई घेणारा तिशीतला मुलगा मांडीतल्या गळवाने, हृदयाच्या झडपेच्या संसर्गाने किंवा टीबीने भरती होतो. सी त्याच्या कागदावर असतो, पण त्याला खाटेवर आणलं सी ने नाही. म्हणून दोन्ही पिढ्या एकाच फूटपट्टीने मोजायच्या नाहीत. किमान तीन ढीग करा: लिव्हरच्या गुंतागुंतीमुळे भरती, दुसऱ्याच कारणाने भरती पण सी सोबत, आणि डायलिसिससारख्या ठरलेल्या फेऱ्या. तिसरा ढीग वेगळा काढला नाही तर आठवड्याला तीन फेऱ्या करणारा एक माणूस वर्षाला दीडशे भरत्या दाखवतो.

पोटातलं पाणी दर १५ दिवसांनी काढायला येणाऱ्याचंही तेच. वर्षाला २४ आयपीडी (भरतीचे) नंबर, माणूस एक. आकडा देताना भरत्या सांगताय की माणसं, ते लिहा.

अजून एक खास मुंबईची गंमत. पालघर, रत्नागिरी, थेट उत्तर प्रदेशातूनही लोक इथे येऊन भरती होतात. वर मुंबईची भरती आणि खाली मुंबईची लोकसंख्या घेऊन 'लाखामागे इतके' काढलं की तो दर ना मुंबईचा असतो, ना कुणाचा. एकतर पत्त्याचा पिनकोड लावून बाहेरचे वगळा, नाहीतर दर काढूच नका. लिव्हरच्या एकूण भरत्यांत सी चा वाटा जन्मदशकानुसार काढा.

आणि बरा झालेला माणूस. अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रथिन) सहसा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. पुढे हर्नियासाठी आला तरी जुन्या कागदावरून बी १८.२ उतरवला जातो. आरएनए चाचणी (विषाणू आत्ता रक्तात आहे का ते बघणारी) निगेटिव्ह असेल तर तो कोड टाकायचा नाही.

वॉर्डातली_खिडकी

नोंदवही यांचा पहिला ढीग आतून कसा असतो ते सांगते, म्हणजे 'भार' या शब्दाला वजन येईल.

जलोदर, म्हणजे पोटात पाणी साठणं. एका वेळी ८ लिटर पाणी काढलं समजा. ५ लिटरच्या वर गेलं की काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) शिरेतून द्यायचं असतं, म्हणजे ४८ ते ६४ ग्रॅम. २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या बाटलीत २० ग्रॅम असतं, तेव्हा तीन बाटल्या. बाटली महाग म्हणून एकीवरच भागवलं की एक-दोन दिवसांत लघवी कमी होते, क्रिएटिनिन (किडनी बिघडल्याची खूण) चढतं, आणि संध्याकाळी घरी जाणारा माणूस आठवडाभर अडकतो. पहिल्याच पाण्यातलं थोडं पेशी मोजायला पाठवायचं. घन मिलिमीटरला २५० पेक्षा जास्त न्यूट्रोफिल (एक पांढरी पेशी) म्हणजे पोटातल्या पाण्याला संसर्ग, ताप असो वा नसो. कल्चरची वाट बघत अँटिबायोटिक लांबवायचं नाही.

रक्ताची उलटी. शिरांतला दाब उतरवायला टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड लगेच, सेफ्ट्रायअॅक्सोन हे अँटिबायोटिक रोज १ ग्रॅम, आणि १२ तासांच्या आत एंडोस्कोपीने बँडिंग (फुगलेल्या शिरांना रबरी कडी लावणं). हिमोग्लोबिन ७-८ पर्यंत आणून थांबायचं. 'अजून दोन बाटल्या रक्ताची सोय करतो' म्हणून नातेवाईक मागे लागतात, पण जास्त चढवलं की शिरांतला दाब वाढून पुन्हा फुटतं.

भ्रम होणं, दिवसा झोपून रात्री जागणं: लॅक्ट्युलोज, म्हणजे पोट साफ करणारं औषध. प्रमाण चमच्यावर ठरत नाही, दिवसाला २-३ मऊ शौचाला होतील इतकं. सात-आठ वेळा व्हायला लागलं तर तेच अंगातलं पाणी काढून पुन्हा भ्रम आणतं.

आता पिढीचा फरक. साठीच्या पेशंटला परत वॉर्डात आणणाऱ्या गोष्टी बऱ्याचदा लिव्हरच्या बाहेरच्या असतात: गुडघ्यासाठी घेतलेली डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी, झोपेची गोळी, चार दिवसांचा बद्धकोष्ठ, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली 'लघवीची गोळी' स्वतःच दुप्पट केलेली. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. भाजी अळणी करतात आणि ताटात पापड, लोणचं, सुका बोंबील, जवळ्याची चटणी तशीच. उलट प्रथिनं मात्र घाबरून तोडतात. ती किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम लागतात आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खायचं असतं. रात्रभर उपाशी राहिलं की शरीर स्नायू जाळून खातं.

तिशी-चाळिशीतला लिव्हर फेल होऊन आला तर सोबत दारू, बी किंवा एचआयव्ही शोधा. आपल्याकडे या विषाणूचा जीनोटाइप ३ हा प्रकार जास्त आहे. तो लिव्हरमध्ये चरबी साठवतो आणि घट्टपणा लवकर आणतो. वर दारू पडली की वीस वर्षांचा रस्ता बराच आखूड होतो.

शंकासूर

तरुणांचं लिव्हर आतून कितपत बिघडलंय ते भरती व्हायच्या आधी कळतं का? लिव्हरचा घट्टपणा मोजणारा फायब्रोस्कॅन सगळीकडे नसतो.

सरळरेघ

साध्या रिपोर्टवरून अंदाज येतो, पण त्या सूत्रात वयच बसवलेलं आहे. फिब-४: वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ). एएसटी आणि एएलटी ही लिव्हरच्या रिपोर्टमधली एन्झाइम, प्लेटलेट हजारांत. एकच रिपोर्ट घ्या: एएसटी ८०, एएलटी ६४, प्लेटलेट १ लाख १० हजार.

६२ वर्षांचा माणूस: ६२ × ८० = ४९६०. खाली ११० × ८ = ८८०. उत्तर ५.६४.
३१ वर्षांचा: २४८० भागिले ८८०, उत्तर २.८२.

३.२५ च्या वर म्हणजे लिव्हर बरंच घट्ट झाल्याची दाट शक्यता, १.४५ च्या खाली शक्यता कमी. तेच रक्त, तेच आकडे, पण म्हातारा लाल रेघेपार आणि तरुण मधल्या पट्ट्यात. ३५ च्या खाली या सूत्रावर विसंबू नये. ६५ च्या वर उलट ते उगाच घाबरवतं, म्हणून तिथे खालची रेघ २ धरतात. वय नसलेलं सूत्र म्हणजे एप्री: एएसटी भागिले प्रयोगशाळेची वरची मर्यादा, भागिले प्लेटलेट, गुणिले १००. इथे मर्यादा ४० धरली तर दोघांचंही १.८२ येतं, आणि सिऱ्होसिसची रेघ २ ला आहे. ३१ वर्षांच्या मुलाच्या प्लेटलेट सव्वा लाखाच्या खाली का, हा प्रश्न कुठल्याही सूत्राआधी पडला पाहिजे. डेंगी नसेल तर सोनोग्राफीत प्लीहा बघा.

नेहमीची चूक: प्लेटलेट १.१ लाख असं लिहिलेलं असतं आणि लोक सूत्रात १.१ टाकतात. ११० टाकायचे.

गोळीचं_पाकीट

औषधांची बाजू राहिली. सी चा विषाणू मारणारं सोफोसबुविर अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये आलं, आपल्या कंपन्यांची स्वस्त आवृत्ती २०१५ मध्ये, आणि २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत. सिऱ्होसिस नसेल तर सोफोसबुविर ४०० मिग्रॅ आणि डॅक्लाटासविर ६० मिग्रॅ, रोज एकदा, १२ आठवडे. सिऱ्होसिस आहे पण लिव्हर काम भागवतंय, तर सोफोसबुविर-वेल्पाटासविर १२ आठवडे. पोटात पाणी वगैरे होऊन गेलं असेल तर त्यात रिबाविरिन हे आणखी एक औषध, आणि ते झेपत नसेल तर त्याशिवाय २४ आठवडे.

गोळी एकच असली तरी ती अडते कुठे, ते वयाप्रमाणे बदलतं. जुन्या पिढीत आधीच चालू असलेल्या गोळ्या आड येतात. हृदयाचे ठोके सुधारणारी अमिओडॅरोन चालू असताना सोफोसबुविर दिलं तर नाडी धोक्याइतकी मंदावू शकते. ॲसिडिटीच्या गोळीने वेल्पाटासविर कमी शोषलं जातं. टाळता येत नसेल तर वेल्पाटासविर जेवणासोबत आणि ओमेप्राझोल २० मिग्रॅ त्यानंतर ४ तासांनी. ही गोळी लोक औषधात धरतच नाहीत, म्हणून 'अजून काय घेता' विचारून भागत नाही, पिशवी उलटी करायला सांगावी. डायबिटीसवाल्यांची साखर विषाणू गेल्यावर खाली येऊ शकते, तेव्हा इन्सुलिनवर लक्ष ठेवा.

तरुणांत मुंबईतली मोठी अडचण टीबी. टीबीची रिफाम्पिसिन चालू असेल तर या गोळ्यांची रक्तातली पातळी कोसळते. सहसा आधी टीबीचा कोर्स पुरा करतात, मग सी. फिटची कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनही त्याच रांगेत. रिबाविरिन असेल तर नवरा-बायको दोघांपैकी कुणीही घेत असलं तरी गर्भधारणा टाळायची, औषध संपल्यावरही किमान ६ महिने.

दोघांनाही सारखं: सुरू करण्याआधी हेपेटायटिस बी ची तपासणी. सी दाबला गेला की झोपलेला बी उठू शकतो.

आणि शेवटची चाचणी. गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए. औषध घेऊन बरं वाटलं की तरुण मुलं या तारखेला फिरकत नाहीत, शिवाय सुई चालू असेल तर नवी लागण होऊ शकते. आधीचा आजार संरक्षण देत नाही.

खारफुटी

सक्तीच्या रक्तचाचणीची २००२ ची रेघ पक्की समजू नका. त्यानंतर जन्मलेल्या थॅलेसेमियाच्या (सतत रक्त चढवावं लागणाऱ्या आजाराच्या) मुलांनाही लागण झालेली असते. अँटीबॉडी तयार व्हायला साधारण ८ ते ११ आठवडे जातात, त्या काळात रक्त देणाऱ्याची साधी एलायझा (अँटीबॉडी शोधणारी चाचणी) निगेटिव्ह येते. आरएनए पकडणारी नॅट चाचणी ही खिडकी आठवड्या-दोन आठवड्यांवर आणते, पण ती देशभर सक्तीची नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त घेणाऱ्या मुलासाठी बाटली नॅट केलेली आहे का, हे रक्तपेढीला विचारणं रास्त आहे.

डायलिसिसमध्ये दोष मशीनला दिला जातो, पण लागण बहुतेक वेळा हातातून जाते: दोन पेशंटमध्ये न बदललेले ग्लोव्ह्ज, आणि एकाच बाटलीतून सगळ्यांना भरलेलं हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध). तिथे दर ६ महिन्यांनी अँटीबॉडी तपासायची, बरे झालेल्यांची थेट आरएनए.

आरएनए साठी वेगळी मोठी प्रयोगशाळा लागते हाही गैरसमज. टीबीसाठी जे सीबीनॅट मशीन वापरतात, त्यातच सी चं काडतूस चालतं.

शंकासूर

जुन्या पिढीला गोळ्या दिल्या, विषाणू गेला. मग भरत्या लगेच थांबल्या पाहिजेत. थांबतात?

वॉर्डातली_खिडकी

पाणी, भ्रम, रक्तस्राव हे आधी कमी होतात. कॅन्सर मागे रेंगाळतो. सिऱ्होसिस झालेल्यांत लिव्हरच्या कॅन्सरचा धोका वर्षाला १ ते ४ टक्के असतो. विषाणू गेल्यावर तो घटतो, पण शून्य होत नाही. म्हणून सिऱ्होसिस झालेल्याची सोनोग्राफी दर ६ महिन्यांनी, बरा झाल्यावरही. 'निगेटिव्ह आलो, सुटलो' म्हणून ती बंद करणारे थेट मोठी गाठ घेऊन येतात.

भरतीओहोटी

कुणाला आपल्या रुग्णालयाच्या नोंदी लावून बघायच्या असतील तर रकाने एवढेच: आयपीडी नंबर, कायमचा नोंदणी क्रमांक, जन्मसाल, पिनकोड, सगळे कोड क्रमाने, आरएनए चा निकाल आणि तारीख, २००२ आधी रक्त चढलं का, दारू, बी, एचआयव्ही. नाव नको.

नोंदवही

जन्मसालावर भिस्त ठेवण्याआधी ते कसं लिहिलं जातं ते बघा. कॅज्युअल्टीत रात्री वय विचारलं की उत्तर येतं पन्नास, पंचावन्न, साठ. बावन्न कुणी सांगत नाही. २०२५ च्या नोंदीत त्यामुळे १९६५, १९७० आणि १९७५ वर मनोरे उभे राहतात. पाच-पाच वर्षांचे गट १९६५, १९७० पासून सुरू केलेत तर मनोरा गटाच्या नेमका काठावर येतो आणि एखाद्या वर्षाच्या चुकीने माणूस पलीकडच्या पिढीत पडतो. दहा वर्षांचे गट करा आणि काठ मध्येच ठेवा, १९५८ ते १९६७ असे.

आधार कार्ड बघून जन्मतारीख घेतली तरी हात सावरूनच. १ जून दिसली की ती शाळेच्या मास्तरांनी घातलेली समजा. साल एखाद-दुसऱ्या वर्षाने मागेपुढे असू शकतं.

शंकासूर

मग निम्मा महाराष्ट्र तुमच्या तक्त्यात एकाच दिवशी जन्मलेला दिसणार.

नोंदवही

दिसतोच. तो रकाना काढून टाका, साल तेवढं ठेवा.